गावित मॅडमची कुंडी आणि आम्ही सात जण

शिक्षकांच्या खोलीत किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. खडूची भुकटी जशी कपाटावर बसते, तसे. कोणी मुद्दाम आणत नाही आणि कोणी पुसतही नाही. मी स्वतः विनोदी मनुष्य नाही. चाळीस मिनिटांच्या तासाला मी चाळीस मिनिटे शिकवतो, आणि मधल्या सुटीत शक्यतो गप्प बसतो. परंतु लोणखेड्याच्या आमच्या शाळेत गेल्या दोन वर्षांत कुंड्यांवरून जे घडले, ते गप्प बसणाऱ्यालाही सांगावेसे वाटेल असे आहे. त्यातील निम्मे मला अजून नीट समजलेले नाही. तरीही सांगतो.

*

आरंभ सद्हेतूनेच झाला. सत्काराला शाल, नारळ आणि हार देण्याऐवजी घरात ठेवता येईल असे रोप द्यावे, असा ठराव आमच्या शाळेने केला. ठराव उत्तम होता. मात्र ज्याला रोप दिले त्याला ते जगवता येते का, हे विचारण्याचे कलम त्यात नव्हते.

पहिली कुंडी मी स्वतः निवडली. निळी, चिनी मातीची, आत मनी प्लांट. आणताना माझ्याच हातून तिच्या कडेचा टवका उडाला. ती बाजू मागे करून मी ती पाहुण्या अधिकाऱ्यांच्या हाती दिली. टाळ्या झाल्या.

चार महिन्यांनी शेजारच्या गावातील कार्यक्रमात माझा सत्कार झाला. मला कुंडी मिळाली. निळी! मी ती फिरवून पाहिली. टवका होता. मनी प्लांट मात्र नव्हता. त्याच्या जागी दुसरेच काही लावलेले होते, आणि तेही सुकत आले होते.

आमचे क्रीडाशिक्षक चौधरी सर शेजारी बसले होते. ते कानाशी म्हणाले, "सर, कुंडी फिरी ऱ्हायनी, झाड मरी ऱ्हायनात!"

मी ती कुंडी शाळेत आणली आणि क्रीडासाहित्याच्या खोलीत ठेवली. निदान तिचे फिरणे थांबावे, एवढाच हेतू होता.

*

आता मूळ गोष्ट.

गावित मॅडम आमच्याकडे विज्ञान शिकवतात. माहेर आणि सासर दोन्ही नवापूरच्या डोंगराकडचे. त्यांचे यजमान तोरणमाळच्या आश्रमशाळेत शिक्षक होते. ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांनाही एक रोप मिळाले. पाने हृदयाच्या आकाराची, मध्यभागी लाल आणि कडेला हिरवी. एसटीने घाट उतरताना त्यांना मळमळत होते, तरी मांडीवरच्या कुंडीवरचा हात त्यांनी काढला नाही, असे मॅडम सांगतात. पुढच्याच वर्षी ते गेले. कुंडी राहिली.

मागच्या दसऱ्यानंतर मॅडमच्या कमरेची शस्त्रक्रिया ठरली. सुरतेला मुलीकडे चार महिने राहावे लागणार होते. निघण्याच्या दिवशी त्यांनी कुंडी शिक्षक-कक्षात आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, आठवड्यातून दोनदा पाणी. खिडकीत ठेवा. कडक ऊन नको, इंडायरेक्ट सनलाइट हवा."

मी म्हणालो, "मॅडम, मला यातले काही कळत नाही. दुसऱ्या कोणाकडे द्यावी."

"कळणारे पुष्कळ आहेत, सर. शब्द पाळणारे तुम्ही आहात."

मी शब्द दिला.

*

मॅडम गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न पडला: इंडायरेक्ट सनलाइट म्हणजे काय?

गणिताच्या सरांनी फळ्यावर आकृती काढली. सूर्य, खिडकी, परावर्तनाचा कोन. त्यांच्या हिशेबाने कुंडी दारामागे ठेवायला हवी होती. इंग्रजीच्या सरांनी मोबाइलमध्ये पाहिले. एका ठिकाणी लिहिले होते, ऊन द्या. दुसऱ्या ठिकाणी होते, उन्हापासून वाचवा. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही होते! मुख्याध्यापक म्हणाले, "पडदा लावा." कक्षाला पडदा नव्हता. मग पडद्यासाठी अर्ज करावा की नाही, यावर चर्चा झाली.

तासाची घंटा द्यायला आमचा शिपाई रामदास आला. रामदास धडगावकडचा, घरी पावरी बोलतो, शाळेत अहिराणी, आणि साहेबांपुढे मराठी. त्याने फळ्यावरची आकृती पाहिली, कुंडी उचलली आणि खिडकीपासून दोन हात आत ठेवली.

"ऊनना उजेड पाहिजे, ऊन नई," एवढे म्हणून त्याने घंटा दिली.

गणिताच्या सरांनी आकृती पुसली नाही. ती आठवडाभर फळ्यावर होती.

*

पाण्याचाही घोळ होताच. शब्द माझा होता, पण मदत करायला सगळे धावले. एकाच सोमवारी चौघांनी पाणी घातले आणि पुढे बुधवारपर्यंत माझ्या टेबलावरील वह्या ओल्या राहिल्या. तेव्हा आम्ही शिक्षक जे करतो तेच केले. वेळापत्रक तयार केले.

सोमवारी गणित, गुरुवारी क्रीडा, पुढच्या सोमवारी इंग्रजी, अशी पाळी लागली. पाणी घालणाऱ्याने रजिस्टरमध्ये सही करावी, असा नियम मी घातला. दुसऱ्याच आठवड्यात चौधरी सर माझ्याकडे आले.

"सर, आज मन्हा पानीना तास शे, पन मी मैदानवर ऱ्हासू. प्रॉक्सी लावा ना!"

मी त्यांच्या जागी दुसऱ्याची प्रॉक्सी लावली. मला तेव्हा त्यात काहीच वावगे वाटले नाही, याचे आज नवल वाटते.

दिवाळीची सुटी संपली. शाळा उघडताच मी प्रथम कुंडीकडे गेलो. माती दगडासारखी झाली होती. पाने पिवळी, कडा वळलेल्या. मी रजिस्टर उघडले. सोमवारी सही होती. गुरुवारी सही होती. एकही वार रिकामा नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही सही होती!

शाळेला त्या दिवशी कुलूप होते. किल्ली माझ्याजवळ होती.

रजिस्टर बंद केले आणि कुंडी घरी नेली. नियम मी केला होता आणि सुटीचा विचार मीही केला नव्हता.

*

त्या आठवड्यात तीन जण मला एकांतात भेटले.

इंग्रजीचे सर म्हणाले, "सर, कोणाला सांगू नका. मी एकदा त्यात उरलेला चहा ओतला होता."

गणिताचे सर म्हणाले, "माझ्याकडून खत जरा जास्त पडलं. प्रमाण काढलं होतं, पण दशांशचिन्ह चुकलं."

चौधरी सर तर डोळे पुसतच आले. "सर, मी पानी नई टाकं. नुसती सही करी. तीन डाव!"

मी तिघांनाही एकच उत्तर दिले, की दोष कबूल केला हे चांगले केले. ते गेल्यावर माझ्या मनात आले, एका झाडाचे तीन मारेकरी माझ्यापुढे येऊन गेले. चौथ्याने कोणाकडे जावे?

*

घरी मी कुंडी देवघराच्या बाजूला, उजेडात ठेवली. सकाळी पूजा झाली की तिच्यापाशी बसून स्तोत्र म्हणू लागलो. झाडांना मनुष्याचा आवाज मानवतो, असे कोठेतरी वाचले होते. खरे की खोटे, कोण जाणे. आवाज माझा आणि शब्द देवाचे, अपाय तर होणार नाही, एवढाच विचार केला.

आमच्या सौभाग्यवती चार दिवस स्वयंपाकघरातून पाहत होत्या. पाचव्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "हाई झाड शे का जवाई शे?"

मी स्तोत्र पुरे केले.

"नई म्हनं, इतलं गोड बोली ऱ्हायनात तुमी त्याले. तीस वरीस व्हयनात, मन्हासंगे बी कधी बोला!"

त्या दिवसापासून मी स्तोत्र मनात म्हणू लागलो. पाने गळतच राहिली.

*

दर रविवारी सायंकाळी सुरतेहून मॅडमचा फोन येई. त्या प्रथम आमच्या सौभाग्यवतींची विचारपूस करत, मग शाळेची, आणि शेवटी थोडे थांबून कुंडीची.

"सर, झाड कसं आहे?"

मी असत्य बोलत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना ही बातमी फोनवर द्यावी, असेही मन होईना. कुंडी घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मी म्हणालो, "पाणी वेळेवर आहे." ते खरे होते. दुसऱ्या रविवारी म्हणालो, "उजेडात ठेवले आहे." तेही खरे होते. तिसऱ्या रविवारी तीन पाने उरली होती. मी म्हणालो, "आम्ही सगळे तुमची आठवण काढतो."

मार्गशीर्षातल्या एकादशीला शेवटचे पान गेले. देठ मऊ होऊन मातीवर आडवा पडला. पुढच्या रविवारी फोन वाजला.

"सर, झाड कसं आहे?"

"जागेवर आहे," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी मी जेवलो नाही. एकेक वाक्य खरे होते, आणि सगळी मिळून काय झाली होती ते मला कळत होते.

*

यानंतर मी जे केले, त्याबद्दल मी कोणा विद्यार्थ्याला क्षमा केली नसती.

कुंडी शाळेत नेली आणि रामदासला म्हणालो, "ही रिकामी कर आणि धुऊन ठेव." स्वतः रिकामी करण्याचे धैर्य झाले नाही. पुढे नवापूरला प्रशिक्षण होते. परतताना विसरवाडीच्या फाट्यावर बस थांबते, तेथे रस्त्याच्या कडेला रोपांचे दुकान आहे. आमच्या जवळच्या शहाद्यात दुकाने पुष्कळ आहेत. पण तेथे माझे जुने विद्यार्थी कामाला आहेत. त्यांच्यासमोर हे मला जमणार नव्हते.

मी दुकानदाराला मोबाइलमधील छायाचित्र दाखवले. "हुबेहूब असेच हवे."

त्याने छायाचित्र पाहिले, मग मला पाहिले. "गुरुजी! तुम्ही?"

दहावीच्या सराव परीक्षेत नक्कल करताना ज्याला मी वर्गाबाहेर उभे केले होते, तो सुनील!

"हुबेहूब ना, सर?" त्याने हसत एक कुंडी पुढे केली. पाने लाल-हिरवी, साधारण तशीच. "हे ठेवा."

"नाव काय याचे?"

"नाव कोणतं पाहिजे, सर? लोक जे मागतात ते सांगतो मी."

"तेच झाड आहे ना?"

"दुरून तेच शे." त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळले, माझ्या हाती दिले आणि हळूच म्हणाला, "काळजी नका करा, सर. पास व्हई जाई!"

*

पौष संपत आला असताना मॅडम आल्या. हातात काठी, चेहरा उतरलेला. त्यांच्याच कुंडीत नवे झाड खिडकीपासून दोन हात आत, उजेडात झळकत होते.

मुख्याध्यापक म्हणाले, "बघा मॅडम, सरांनी कसं जपलं!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना ठाऊक होते त्यांनी अधिक जोरात.

मॅडमनी एक पान बोटांत धरले. उलटे करून पाहिले.

मी सकाळी पूजेला बसलो असतानाच ठरवले होते. मी उभा राहिलो. "मॅडम, हे आपले झाड नव्हे. आपले मार्गशीर्षात मेले. मी हे विकत आणून आपल्या कुंडीत लावले, आणि फोनवर आपल्याला कळू दिले नाही."



"सगळी पानं गेली?" त्यांनी विचारले.

"सगळी."

"देठ मऊ पडून आडवा झाला?"

"होय."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता कमर दुखली, म्हणून काठी घट्ट धरली. "सर, ते दर थंडीत असंच मरतं! खाली कंद असतो. तो झोपतो आणि उन्हाळा लागला की उठतो. मी सांगायचीच विसरले हो तुम्हाला. थंडीत ही भरगच्च पानं पाहिली, तेव्हाच मला कळलं, हे आमचं नाही!"

सगळेच हसले. मीही हसलो असेन. चार महिन्यांत प्रथमच मला मोकळा श्वास घेता आला.

मग मॅडम हसायच्या थांबल्या.

"माती कुठे आहे, सर?"

*

रामदासला बोलावले. तो दारात उभा राहिला.

"माती? नळजोडे सांडी दिधी."

"आणि आतला कंद?" मी विचारले.

"कंद कोनी फेकस का, सर?" त्याला माझेच नवल वाटले. "आमनाकडे कंद पोत्यामा ठेवतस. आखाजीले लावतस. तुमी कुंडी रिकामी कर सांगं, मी करी दिधी. कंद फेकी दे असं कोठे सांगं तुमी?"

मॅडमनी डोळे मिटून मनात प्रार्थना केली. मीही केली.

"कोणत्या पोत्यात?"

रामदास पोते घेऊन आला. शाळेच्या नळाशी तो अळू लावतो, आणि श्रावणात आम्हा सर्वांना त्याच्या घरच्या अळूवड्या मिळतात. पाइप दुरुस्तीसाठी तो वाफा मार्गशीर्षात खणावा लागला होता. अळूचे सगळे कंद त्याने या पोत्यात भरले होते. आणि त्यांतच तो एक!

टेबलावर वर्तमानपत्र पसरून पोते ओतले. मोठे कंद बाजूला केले. मॅडमच्या कंदाएवढे लहान सात उरले. सातही मातकट, सुकलेले, सारखे.

तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाई एकेक कंद हातात घेत होत्या, नखाने खरवडत होत्या, नाकाशी नेत होत्या. सातवा ठेवून त्या म्हणाल्या, "मला ओळखू येत नाही, सर."



*

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी आम्ही सातही कंद सात कुंड्यांत लावले. शाळेला सुटी लागत होती, म्हणून प्रत्येकाने एकेक कुंडी घरी न्यावी असे ठरले. मॅडम, मुख्याध्यापक, गणित, इंग्रजी, रामदास, मी आणि चौधरी सर. या वेळी वेळापत्रक केले नाही. रजिस्टरही ठेवले नाही. चौधरी सरांना कुंडी उरली नव्हती, तेव्हा त्यांनी क्रीडासाहित्याच्या खोलीतून ती टवका उडालेली निळी कुंडी काढली, आत कंद पुरला आणि मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून ते निघून गेले.

मी रोज पूजेनंतर पळीभर पाणी घालत असे. सौभाग्यवती म्हणाल्या, "आते मोठ्या आवाजमा म्हना स्तोत्र. मी काय बोलाव नई."

ज्येष्ठात कोंब आले. प्रथम मुख्याध्यापकांकडे, हिरवे पान. मग गणिताच्या सरांकडे आणि इंग्रजीच्या सरांकडे, हिरवे. रामदासकडे हिरवे, आणि त्याला त्याचे काहीच वाटले नाही. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी माझ्या कुंडीतली सुरळी उलगडली. हिरवीगार. मी देवापुढे बसलो. काही मागितले नाही.

पहिल्या दिवशी मॅडम कक्षात आल्या आणि त्यांनी आपली कुंडी खिडकीपासून दोन हात आत ठेवली. पान मोठे, निरोगी आणि हिरवे होते.

"अळू छान आलंय," त्या म्हणाल्या, आणि वह्या तपासायला बसल्या.

मी चौधरी सरांकडे वळलो. "आपल्या कुंडीत काय आले?"

"कोनती कुंडी, सर?"

"निळी. आखाजीला दिलेली."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! गच्चीवर कूलरना मांगे ठेली व्हती. मंग मी गावले चालना गऊ. महिना व्हई गया, मी तिले देखं बी नई!"

मॅडमनी मान वर केली नाही. लाल पेन मात्र थांबले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपून आम्ही कक्षात येत होतो. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. चौधरी सर काखेत निळी कुंडी घेऊन, शिट्टी गळ्यात तशीच, दारातून आत आले आणि थेट मॅडमपुढे जाऊन काळजीने म्हणाले,

"मॅडम, तुमी सायन्सना शेतस म्हनीसन इचारस. मन्हं अळू लाल निंघनं. यान्या वड्या व्हतीन का?"